हरवलेलं लाटणं आणि सगळं समजलेला माणूस

डोळे सगळ्यांनाच असतात, पण पाहण्याची ताकद फार थोड्यांना मिळते. मी त्या थोड्यांपैकी एक, आणि त्या थोड्यांमध्येही जरा वरचाच. मी खोलीत पाऊल टाकलं की खोली मला सगळं सांगून टाकते. खुर्चीवर कोण बसलं होतं, चहात साखर कुणी जास्त घातली, कोण खोटं बोललं आणि का, हे मला विचारावं लागत नाही. भल्याभल्या गुन्हेगारांची माझ्यासमोर बोबडी वळली असती. पण ते माझ्यासमोर येतच नाहीत, यावरूनच माझा धाक लक्षात यावा.

वरचा मजकूर माझ्या नवऱ्याने तोंडी सांगितला आणि मी लिहून घेतला. आता तो आंघोळीला गेला आहे. त्याची आंघोळ लांबते, कारण महत्त्वाचे निष्कर्ष त्याला गरम पाण्याखालीच सुचतात. तेवढ्यात मी खरं काय झालं ते लिहून काढते.

पोटापाण्यासाठी माझा नवरा एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो. तिथे त्याला त्याचा पगार मिळतो. घरी तो हेच काम फुकट करतो आणि त्याला गुप्तहेरी म्हणतो. त्याच्या नावावर बरीच सुटलेली प्रकरणं आहेत. उदाहरणार्थ, घराची किल्ली एकदा फ्रीजमध्ये सापडली होती, तेव्हा त्याने आरोपी म्हणून ढब्बूला पकडलं होतं. ढब्बू आमचा मुलगा. त्या वेळी त्याला धड बसताही येत नव्हतं. टीव्हीचा रिमोट चपलांच्या कपाटात सापडला तेव्हाही आरोपी ढब्बूच. ‘सराईत आहे,’ असं नवऱ्याचं मत पडलं.

आम्ही परदेशात राहतो. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून तो आला, तो आला म्हणून मी आले, आणि आम्हाला वाटलं होतं त्याच्या जरा आधीच ढब्बू आला. मी दातांची डॉक्टर आहे. इथे आल्यावर कळलं की माझी पदवी इथल्या दातांना चालत नाही. मग एका मांडीवर ढब्बू आणि दुसरीवर पुस्तक घेऊन इथली भाषा शिकले, परीक्षा दिल्या, पास झाले. तेवढ्यात चौकातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सोमवारी या, एक दिवस काम करून दाखवा, पटलं तर ठेवून घेते, असं सरळ बोलणं. ढब्बू झाल्यापासून मी ढब्बू सोडून कुणाच्याही तोंडात बोट घातलं नव्हतं. त्या सोमवारची मी किती वाट पाहत होते ते सांगायला नको, पण सांगते. मी कोट दोनदा धुतला, आणि तो मुळात मळलेलाच नव्हता.

नवऱ्याला मात्र भाषा शिकायची गरज पडली नाही. ऑफिसात इंग्रजीवर भागतं. इथल्या भाषेत तो तीनच वाक्यं बोलतो: नमस्कार, पिशवी नको, आणि मला समजलं. तिन्ही तो इतकी झोकात म्हणतो, की समोरच्याला वाटतं हा इथेच लहानाचा मोठा झाला आहे. मग समोरचा मोकळेपणाने बोलू लागतो आणि हा मान डोलावून म्हणतो, मला समजलं. मला समजलं नाही, असं तो कुठल्याच भाषेत म्हणत नाही. आमच्या लग्नाच्या याद्या करतानाही म्हणाला नव्हता.

आता लाटण्याविषयी. सासूबाईंनी आमच्या बॅगेत पोळपाट-लाटणं घालून दिलं होतं. ढब्बूला दात येत होते तेव्हा एकदा मी पोळ्या लाटताना त्याने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि मी हातातलं लाटणं त्याच्या हातात दिलं. दातांच्या डॉक्टरने असं करायला नको होतं. त्याने ते एका टोकाला चावलं, त्याला ते आवडलं, आणि तेव्हापासून ते त्याचं झालं. इतरांची मुलं अस्वल घेऊन झोपतात, आमचा लाटणं घेऊन झोपतो. पाळणाघरात जाताना लाटणं, बागेत लाटणं, डॉक्टरकडे सुई टोचायला नेताना लाटणं. त्याच्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. दिवसातला बराच वेळ तो ते लाकडी फरशीवर गडगडत नेतो आणि मागून पळतो. पोळ्या मी तेव्हापासून काचेच्या बाटलीने लाटते, आणि त्या कुठल्याही आकाराच्या होतात.

या गडगडण्यामुळे खालच्या मजल्यावरची बाई आमच्यावर नाराज होती. एकटी राहणारी, वयस्क, अंगणातल्या फुलांच्या वाफ्याची काळजी घेणारी बाई. ती दोनदा वर येऊन अगदी सभ्यपणे काहीतरी सांगून गेली होती. दोन्ही वेळा दार नवऱ्याने उघडलं आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, मला समजलं. काय म्हणत होती, असं विचारलं तर म्हणाला, हवापाण्याच्या गप्पा. मी जिन्यात तिच्या कपाळावरची आठी पाहून काय ते ओळखलं, आणि लाजेपायी तिला टाळायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी ढब्बू पेंगत पेंगत सोफ्यावरच झोपी गेला, आणि शनिवारी सकाळी लाटणं नाहीसं झालेलं आढळलं. आढळलं म्हणजे ढब्बूने भोकाड पसरलं. पलंगाखाली, सोफ्याखाली, धुवायच्या कपड्यांत, सगळीकडे पाहून झालं. ढब्बू दुसऱ्या कशाला हात लावेना. मी बाटली पुढे केली तर त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मलाच शरम वाटली.

नवरा गादीवर उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं.

“कुणी कशाला हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

“माझं सगळ्याला हात लावून झालंय. लाटणं नाहीये.”

“म्हणजे पुरावा नष्ट झाला. असू दे. मी याहून अवघड प्रकरणं सोडवली आहेत.”

“हे बघ, सोमवारी मला दवाखान्यात जायचंय. लाटणं नाही तर ढब्बू पाळणाघरात जाणार नाही, आणि तो गेला नाही तर मी जाऊ शकत नाही. एवढं ध्यानात ठेव आणि शोध.”

“मला समजलं,” तो म्हणाला. हे मराठीत.

पहिला संशय चोरावर गेला. मी विचारलं, चोराने लॅपटॉप सोडून लाटणं का न्यावं. तो म्हणाला, “लॅपटॉप कुणीही नेईल. हा चोर वेगळा आहे.” मग त्याने घराची पाहणी केली. मुख्य दार आतून बंद होतं. खिडक्या बंद होत्या. राहिलं बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. या दाराची कडी महिन्यापूर्वी मोडली होती. ते आपोआप बोटभर सरकायचं आणि घरात गार वारा शिरायचा. घरमालकाला फोन कर म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले होते, आणि त्याला त्या भाषेत फोन करायचा नव्हता म्हणून तो ‘मी बघतो’ म्हणत होता. पण शुक्रवार संध्याकाळपासून वारा बंद झाला होता. मी विचारलं, फोन केलास वाटतं? तो म्हणाला, मी म्हटलं होतं ना, मी बघतो.

तर त्याने पडद्याच्या फटीतून हात घालून ते दार ओढून पाहिलं. जोर लावला. दार तसूभर हललं नाही.

“पक्कं बंद,” तो समाधानाने म्हणाला. “म्हणजे चोर बाहेरून आलाच नाही. बंद घर, बंद दार, आणि वस्तू गायब. असं प्रकरण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतं.”

मग त्याने ठसे घ्यायचे ठरवले. मी ढब्बूला आंघोळ घालत होते तेवढ्यात त्याने डब्यातली निम्मी कणीक बैठकीच्या खोलीत भुरभुरवली, आणि नीट पाहता यावं म्हणून खोलीत इकडून तिकडे फिरला. मी बाहेर आले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून मोबाईलचा टॉर्च फरशीवर मारत होता.

“पुरुष आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “अनवाणी. डावा पाय जरा फेंगडा टाकतो. आणि एक विचित्र गोष्ट आहे, त्याच्या पायाचं माप अगदी माझ्याएवढं आहे.”

मी फडकं ओलं करून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते पुराव्याच्या वस्तूंमध्ये ठेवलं. फरशी मीच पुसली.

दुपारी संशय पाळणाघरातल्या ताईंवर गेला. लाटणं हे शस्त्र आहे, लहान मुलांच्या शाळेत शस्त्र चालत नाही, सबब ताईंनी ते जप्त केलं, अशी मांडणी होती. मी म्हटलं, शुक्रवारी घरी येताना ढब्बूने ते जिन्याच्या कठड्यावर खालपासून वरपर्यंत वाजवत आणलं, सगळ्या बिल्डिंगने ऐकलं.

“तो आवाज दुसऱ्या लाटण्याचा कशावरून नसेल?”

“या बिल्डिंगमध्ये दुसरं लाटणं कुणाकडे आहे?”

“आता तू बरोबर प्रश्न विचारलास,” तो म्हणाला, आणि आंघोळीला गेला.

आंघोळीहून तो परतला तो थेट माझ्यावरच संशय घेऊन. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. त्याने खुर्ची ओढली, उलटी करून बसला.

“तुझ्याकडे हेतू आहे,” तो म्हणाला. “वर्षभर बाटलीने पोळ्या लाटतेस. तुझ्या मनात कुठेतरी खदखदत असणार.”

“खदखदतंय खरं. पण लाटण्याचं नाही.”

“लाटणं तू घेतलंस का?”

“घेतलं असतं तर काल तुला गोल पोळ्या मिळाल्या असत्या. मिळाल्या?”

त्याने आठवून पाहिलं. “त्रिकोणी होत्या,” तो म्हणाला, आणि मला तूर्त सोडून दिलं. मग निदान मोजे तरी जोडीने लाव म्हटलं, तर तो म्हणाला, तपास चालू असताना तपासी अंमलदाराला घरकाम लावणं म्हणजे तपासात अडथळा आणणं.

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ढब्बूचा रडून सुजलेला चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “लाटणं कुणी खेळायला देतं का गं? मी स्वयंपाकाला दिलं होतं.” मग ढब्बूला म्हणाल्या, “माझ्या राजाचं लाटणं कुणी नेलं रे?”

ढब्बूने हुंदका गिळला, बोट दाखवलं आणि म्हणाला, “बाबा.”

“बघ आई,” नवरा गहिवरून म्हणाला, “संकटात कसा मलाच हाक मारतोय.”

त्या रात्री कुणाचाच डोळा लागला नाही. रविवारी सकाळी नवरा मफलर गुंडाळून खालच्या बाईची जबानी घ्यायला निघाला. लाटण्याच्या आवाजाचा त्रास कुणाला, तर तिला. ते नसण्याचा फायदा कुणाला, तर तिला. हा संशय त्यातल्या त्यात शहाणपणाचा होता, म्हणून मी म्हटलं, मीही येते, तुला तिचं बोलणं कळायचं नाही.

“चौकशीत घरच्यांची लुडबूड नको. आणि शब्दांचं काय घेऊन बसलीस, मी माणूस वाचतो.”

मला तेव्हाच जायला हवं होतं. पण ढब्बू कडेवरून उतरत नव्हता, कोटाला इस्त्री व्हायची होती, आणि खरं सांगायचं तर त्या बाईच्या आठीची मला अजून भीती वाटत होती. तो गेला आणि थोड्याच वेळात हात चोळत परत आला.

“प्रकरण संपलं. तिने कबुली दिली.”

“काय म्हणाली?”

“मी आधी नमस्कार म्हटलं. मग हातांनी लाटणं लाटून दाखवलं आणि ते उडून गेल्याची खूण केली. ती भडाभडा बोलायला लागली. मी म्हटलं, मला समजलं. तर ती आणखी बोलली. मग तिने कानावर हात ठेवला.”

“कानावर हात ठेवला म्हणजे कबुली कशी?”

“आधी ठेवला. सराईत लोक आधी ठेवतातच. मग वर बोट दाखवलं, म्हणजे देवाला स्मरून खरं सांगते. मग खाली वाकली आणि जमिनीलगत काहीतरी आडवं ठेवल्याची खूण केली. शेवटी हात असा सर्रकन आडवा नेला, म्हणजे विषय संपला.” त्याने खिडकीतून खाली बोट दाखवलं. “तिने ते पुरलंय. अंगणात, फुलांच्या वाफ्यात. बिचारी, मन मोकळं करून हसलीसुद्धा.”

मी काही बोलायच्या आत तो स्वयंपाकघरातला डाव घेऊन खाली उतरला. खिडकीतून मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शिकलासवरला, चष्मा लावलेला माणूस दुसऱ्याच्या वाफ्यात उकिडवा बसून आमटीच्या डावाने माती उकरत होता. खालची बाई दारात आली. थोडा वेळ पाहत राहिली. मग आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. तिला वाटलं असावं, याला घरच्या कुंडीसाठी माती हवी आहे आणि विचारायला लाजतोय. पिशवी तिने त्याच्यापुढे धरली.

“पिशवी नको,” तो म्हणाला. उच्चार स्वच्छ होते. इथे आल्यापासून ते वाक्य त्याने पहिल्यांदा दुकानाबाहेर वापरलं.

तो ओंजळ भरून माती घेऊन वर आला. कारण इतकं झाल्यावर ती तिथे टाकणं त्याला बरं दिसेना.

सोमवारी सकाळी मी पांढरा कोट पिशवीत घातला, ढब्बूला एक बूट घातला आणि दुसरा शोधू लागले. ढब्बूने पलंगाचा पाय धरून ठेवला होता आणि तो तारस्वरात रडत होता. नवरा घरूनच काम करणार होता. त्याची मीटिंग होती.

“हे बघ,” तो फोन हातात घेत म्हणाला, “आज काही हा जायचा नाही. तू तुझं ते पुढे ढकल ना. त्यांना सांग, घरात तपास चालू आहे. दवाखाना काही पळून जात नाही.”

मला राग आला. भांडण होऊन निवळतो तसला राग तो नव्हता. मला नुसतं रडावंसं वाटलं आणि रडायला वेळ नव्हता. याची मीटिंग ती मीटिंग, आणि माझं ते ‘तुझं ते’. दोन दिवस घरात कणीक उधळली गेली, माती आली, माझी उलटतपासणी झाली. पण ‘तू जा, आजचा दिवस ढब्बू मी सांभाळतो’ हे साधं वाक्य त्या तल्लख डोक्यात एकदाही आलं नाही. मी ढब्बूचे हात पलंगापासून सोडवले, त्याला एका बुटावर कडेवर घेतलं आणि जिना उतरले.

खालच्या मजल्यावर बाई दारातच उभी होती. टाळायला जागा नव्हती. मी आवाजाबद्दल माफी मागितली, वाफ्याबद्दल माफी मागितली, तीही ढब्बूच्या रडण्यावर आवाज चढवून. ती एकदम खूप बोलली. तिचं बोलणं पुस्तकातल्यासारखं नाही, शब्द दातांखाली चिरडत येतात. मला निम्मंही कळलं नाही. मान डोलावून पुढे निघावं असं वाटलं, उशीरही होत होता.

“समजलं नाही मला,” मी म्हटलं. “पुन्हा सांगा.”

तिने श्वास घेतला आणि सावकाश सांगितलं. “तुमच्या मुलाचं ते लाकूड तुमच्याच बाल्कनीच्या दारात आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी अंगणात होते. तुमचे यजमान वर काचेतून दिसत होते.” तिने हात कानाला लावला. “फोनवर बोलत होते.” तिने वर बोट दाखवलं. “तिथे, वर.” मग ती वाकली. “ते लाकूड त्यांनी दाराच्या खाचेत आडवं बसवलं. दार सरकू नये म्हणून.” मग हात सर्रकन आडवा नेला. “आणि पडदा ओढला. मला वाटलं, शेवटी माझं ऐकलं. तेव्हापासून वर गडगड नाही. फार छान झोपले हो मी. काल हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मला समजलं.”

मी आले तशी वर गेले. नवरा फोनवर बोलत घरभर येरझाऱ्या घालत होता. त्याच्या हातात ढब्बूचा दुसरा बूट होता. माझ्यादेखत तो पुस्तकांच्या फळीपाशी गेला, दोन जाड पुस्तकांच्या मध्ये त्याने तो बूट नीट उभा करून ठेवला, आणि बोलत बोलत पुढे गेला.

मी बाल्कनीचा पडदा सारला. खाली, दाराच्या खाचेत, लाटणं अगदी बेतून कापल्यासारखं बसलं होतं, एका टोकाला दुधाच्या दातांच्या खुणा. मी ते उपसलं. दार आपोआप सरकलं आणि गार वारा आत आला. ढब्बूचं रडणं मधल्या मध्ये तुटलं. त्याने लाटणं दोन्ही हातांनी छातीशी धरलं, बापाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “बाबा.” शनिवारपासून तो हेच सांगत होता.

नवऱ्याने फोन खाली घेतला. दार, लाटणं, मी, अशी त्याची नजर फिरली.

“म्हणजे घरातलाच माणूस निघाला,” तो म्हणाला. “बाहेरून कुणी आलं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“ढब्बूला आज पाळणाघरात तू सोडणार आहेस. त्याचा बूट पुस्तकांत आहे. मग घरमालकाला कडीसाठी फोन करणार आहेस. मला उशीर झालाय.”

“मीटिंग चालू आहे. आणि त्या ताई काही बोलल्या तर? मला कुठे त्यांची भाषा...”

“एक चौथं वाक्य शिकवते,” मी म्हटलं. “म्हण. मला समजलं नाही, पुन्हा सांगा.”

त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला. शब्द सोपे आहेत, पण त्याच्या घशात अडकत होते. ढब्बू त्याच्याआधी शिकला. मी त्या दोघांना दारात तेच वाक्य म्हणत सोडून निघाले.

दवाखान्यात पहिलाच माणूस आला तो गाल सुजलेला. डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्याच्या वरच्या ओळीत एक दात काळाठिक्कर पडलेला मला लांबूनच दिसला. तो माणूस सुजलेल्या तोंडाने काहीतरी घोगरं बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. बाईंसमोर पहिल्याच माणसाला ‘कळलं नाही’ म्हणायचं, तेही परक्या मुलखातून आलेल्या बाईने? माझ्या जिभेवर ते तयारच होतं, मला समजलं. दोन वर्षं मी नवऱ्याला हसत आले होते आणि ते वाक्य माझ्या जिभेवर किती सहज आलं याचंच मला नवल वाटलं.

“मला समजलं नाही,” मी म्हटलं. “पुन्हा सांगा.”

त्याने बोटाने गाल बाजूला ओढला. काळा दात वर्षानुवर्षं तसाच आहे, त्याचा त्रास नाही. दुखत होता तो त्याच्या खालचा, दिसायला पांढराशुभ्र. नीट पाहिलं तेव्हा त्याची भेग दिसली. डॉक्टरीणबाईंनी हाताची घडी सोडली आणि दुसऱ्या खोलीत निघून गेल्या. संध्याकाळी म्हणाल्या, “उद्या वेळेवर या.” मी घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

घरी ढब्बू लाटणं गडगडवत होता. नवरा म्हणाला, पाळणाघरात सगळं ठीक झालं, ताईंना चौथं वाक्य इतकं आवडलं की त्यांनी प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. घरमालकालाही फोन केला. कडी बसवायला कोण येणार आणि कधी, असं मी विचारलं. ‘मालक बोलला ते मला समजलं,’ एवढंच म्हणून तो लॅपटॉपकडे वळला. म्हणून आता मालकाला मी फोन करणार आहे.

खालच्या बाईची झोप पुन्हा जाऊ नये म्हणून मी एक युक्ती केली. दोरीवरचा नवऱ्याचा एक राखाडी लोकरी मोजा काढला आणि लाटण्याला चढवला. टोकाला दोऱ्याने बांधून टाकला. आता लाटणं फरशीवरून आवाज न करता जातं आणि मागून ढब्बू पळतो. बाईला खाली जाऊन सांगून आले. तिने वाफ्यातली दोन फुलं दिली आणि ती न्यायला पिशवी. मी पिशवी घेतली.

एवढं लिहून होतंय तोच नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला आहे. त्याने माझ्या खांद्यावरून सगळं वाचायला घेतलं आहे, पहिल्या ओळीपासून, अधूनमधून हं म्हणत. पहिला परिच्छेद त्याने दोनदा वाचला. शेवटपर्यंत पोचल्यावर त्याने मान डोलावली.

“समजलं,” तो म्हणाला. “सुरुवात फार छान झाली आहे.”

मग तो दोरीपाशी गेला, तिथे थोडा वेळ उभा राहिला, आणि एका हातात एकच राखाडी मोजा धरून माझ्याकडे वळला. त्याच्या पायाजवळून लाटणं आवाज न करता गेलं, मागून ढब्बू गेला.

“याचा जोडीदार कुठे गेला?” तो डोळे बारीक करून म्हणाला. “कुणी कशाला हात लावायचा नाही.”